काका मचाणावर, काकू झाडाखाली

टेक्सासमध्ये प्लेनोला आमच्या शेजारी एक म्हातारं टेक्सन जोडपं राहायचं. लग्न झाल्यापासून त्यांचं एकच भांडण चालू होतं: रानातली टर्की मारायची ती झाडावर बसून की जमिनीवर बसून. नवरा झाडावाला, बायको जमीनवाली. बाकी सगळ्या बाबतींत त्यांचं छान जमायचं. पण मार्च उजाडला, की कुंपणापलीकडून त्यांचे आवाज यायला लागायचे आणि आम्ही समजायचो, टर्कीचा सीझन जवळ आला.

तो म्हणायचा, झाडावर बसलं की लांबवर दिसतं, आणि टर्की कधी मान वर करून पाहत नाही. ती म्हणायची, टर्कीला घारीची आणि घुबडाची भीती असते, ती वर नाही बघणार तर काय जमिनीत बघणार? आणि वर बंदूक नुसती हलली तरी आभाळावर तिची सावली नाचते. जमिनीवर रुंद बुंध्याला पाठ लावून बसावं, म्हणजे माणूस झाडाचाच होऊन जातो. मी शुद्ध शाकाहारी घरातली नव्हते, पण शिकारीचं मला वावडं होतं. तरी ते भांडण ऐकायला मला आवडायचं. आमच्या घरात तेव्हा भांडायलाही कोणी नव्हतं. नवरा दिवसभर ऑफिसात, आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत गप्प.

बाबा नागपूरचे, फॉरेस्टमधून रेंजर म्हणून रिटायर झालेले. आदल्या वर्षी आई गेली आणि त्यांनी बोलणंच सोडून दिलं. माझ्या पत्रांना उत्तर येईना. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कळवलं, की ते दार उघडत नाहीत, डबा दाराशी ठेवला तर तसाच राहतो. मी मिळेल त्या विमानाने गेले आणि त्यांना उचलूनच घेऊन आले म्हणा ना. ते आले, कारण नाही म्हणायचंही त्यांच्यात बळ नव्हतं.

पण अमेरिकेत येऊन फरक काहीच पडला नाही. खुर्ची तेवढी बदलली. काही विचारलं की ‘हो’, ‘नको’ किंवा ‘बघू’. आपण होऊन ते एकच प्रश्न विचारायचे, “परतीचं तिकीट कधीचं आहे?” त्या प्रश्नाने माझं डोकं फिरायचं. मी मुळातली तापट. एकदा मी ताडकन म्हणाले, “तिथे कोण वाट बघतंय तुमची?” आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. हा माणूस परत त्या बंद घरात गेला तर संपला, असं मला वाटत होतं, आणि तिकीट होतं जूनचं. काहीही करून ते कॅन्सल करायचं आणि बाबांना डोळ्यांसमोर ठेवायचं, एवढंच मी मनात धरलं होतं.

एका संध्याकाळी शेजारचे काका ड्राइव्ह-वेमध्ये लाकडाच्या फळ्या मांडून ठोकत बसले होते. (मी त्यांना बाबांशी बोलताना काका-काकूच म्हणायची, तोंडावर म्हटलं तरी त्यांना चालायचं.) बाबा खुर्चीतून उठले, चपला घातल्या आणि चालत तिकडे गेले. मी खिडकीतून बघतच राहिले. बाबांनी एका फळीवरून हात फिरवला, एक खिळा हलतोय का पाहिलं आणि म्हणाले, “मचाण.”

मी धावत गेले आणि दुभाषी झाले. सांगितलं, की हे माझ्या वडिलांच्या ओळखीचं आहे. भर उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमेला हे जंगलात पाणवठ्याशेजारी असंच मचाण बांधून बसायचे आणि पाणी प्यायला येणारी जनावरं मोजायचे. मारायचे नाहीत, फक्त मोजायचे. काकांना एवढंच पुरलं. त्यांनी हातोडी खाली टाकली आणि घराच्या दिशेने ओरडून बायकोला सांगितलं, की हिंदुस्थानातून साक्षीदार आला आहे, आता बोल!

काकू दारात येऊन म्हणाल्या, “साक्षीदाराला माझ्याबरोबर बसू दे, मग त्याला विचार.”

बाबांना मी विचारलं, जायचं का? मला ‘बघू’ची खात्री होती. बाबा म्हणाले, “जाऊ.”

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी आम्ही चौघं त्यांच्या जुन्या पिकअपमागे आमची गाडी लावून पश्चिमेला निघालो. नवऱ्याला काम होतं, “शिकारीला चाललीस, की शिकार व्हायला?” असं म्हणून त्याने आम्हाला निरोप दिला. तिथे काका दर वर्षी भाड्याने घ्यायचे तो रानाचा एक तुकडा होता. मधून ओढा, ओढ्याकाठी पेकानची, म्हणजे अक्रोडाच्या जातीची, उंच झाडं, बाकी खुरटं रान आणि अधूनमधून ओक. राहायला एक जुनाट ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, होता. मी दशम्या, लसणाची चटणी आणि भरली मिरची बांधून नेली होती. चटणीचा डबा उघडल्यावर काकू म्हणाल्या, “टर्कीला वास येत नाही, हे देवाचे उपकार.”

पहाटे, अजून उजाडायचं होतं तेव्हा, आम्ही ट्रेलरबाहेर जमलो. काका-काकू हिरव्या-तपकिरी कपड्यांत. मीही काकूंचं जाकीट चढवलेलं. आणि बाबा बाहेर आले ते डोक्यावर लालभडक कानटोपी घालून.

काकूंनी टॉर्च त्यांच्या डोक्यावर मारला आणि म्हणाल्या, “नो सर.”

त्यांनी मला नीट समजावलं. टर्कीचा नर मोरासारखा पिसारा फुलवतो, पण रूपाच्या बाबतीत देवाने हात आखडता घेतला आहे. डोकं बोडकं, आणि या दिवसांत ते लाल, पांढरं नि निळं होतं. शिकारी झुडपांत हाच लाल रंग शोधत असतो. पलीकडच्या रानातही शिकारी असतात. झाडीतून कोणाला लाल ठिपका हलताना दिसला, तर तो आधी गोळी झाडेल आणि मग विचार करेल. म्हणून टर्कीच्या रानात जमिनीवर लाल काही घालायचं नसतं, रुमालसुद्धा नाही.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी दोन्ही हात टोपीवर ठेवले. “सांग त्यांना, ही निघणार नाही.”

ती आईने विणली होती, हॉस्पिटलच्या खाटेवर. बाबांना नागपूरच्या थंडीत फिरायला जाताना कान झाकायला. एका बाजूची वीण घट्ट आणि दुसऱ्या बाजूची सैल झालेली, कारण शेवटी शेवटी तिचे हात चालत नव्हते. लाल लोकर कोणी तरी आणून दिली होती, तिने दिली तशी घेतली. मी हे काकूंना सांगितलं. त्या टॉर्च खाली करून म्हणाल्या, “मग त्यांना वर जाऊ दे. तेवढ्या उंचीवर त्यांना कोणी टर्की समजणार नाही. पण खाली मी ही टोपी येऊ देणार नाही.”

काकांना तर आभाळ ठेंगणं झालं. साक्षीदार आपणहून त्यांच्या पदरात पडला होता.

मचाण एका जाड पेकानच्या झाडावर होतं, शिडीसुद्धा भक्कम होती, पण बाबा चढायला लागले तेव्हा माझा जीव खालीवर होत होता. बाबांनी मात्र शिडीला हात लावला आणि त्यांच्या पायांना सगळं आठवलं. वर जाऊन त्यांनी कठड्याला पाठ टेकली, मांडी घातली आणि त्या काळोखात दिसेनासे झाले.

काकू आणि मी बरंच चालून एका ओकखाली आलो. बुंधा रुंद होता, पण बाकी ती जागा मला काही खास वाटली नाही. भोवती उघडा उतार, आडोसा फारसा नाही, आणि मुंग्यांचा सुळसुळाट. आम्ही बुंध्याला पाठ लावून बसलो. काकूंनी मांडीवर बंदूक घेतली आणि हातात एक लाकडी डबी. डबीचं झाकण कडेवर घासलं की अगदी टर्कीच्या मादीसारखा आवाज निघायचा. त्या कुजबुजत म्हणाल्या, “खरं तर मादीने नराकडे जायचं असतं. आपण त्याला उलटं चालायला लावतो. म्हणून घाई करायची नाही.”

उजाडलं आणि ओढ्याच्या पलीकडून नराचा घोगरा, घुमणारा आवाज आला. मग दुसरा. तिसराही. सगळे पलीकडेच. मी कुजबुजले, “आपण तिकडे जाऊया का?”

“हे झाड बरं आहे.”

“पण सगळे पक्षी तिकडे आहेत.”

“हनी, हे झाड बरं आहे.”

बाई हट्टी आहे, असं मी मनात म्हटलं. ऊन वर येईपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो. माझ्या पायाला मुंग्या आल्या आणि मुंग्याही चावल्या. मध्ये काकूंना खोकल्याची ढास लागली, त्यांनी ती गळपट्ट्यात दाबली. एकही पक्षी आमच्या बाजूला आला नाही.

दुपारी ट्रेलरपाशी दोघांचं जुंपलं. तो म्हणाला, जमिनीवर बसून काय मिळालं? ती म्हणाली, तुझ्या माडीवर तरी काय मिळालं? मग काका मला म्हणाले, “तुझे वडील दगडासारखे बसतात. असा जोडीदार मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.” मी ते बाबांना सांगितलं. बाबा तिसरी दशमी खात होते. तिसरी! मी डोळे तिथून काढून घेतले, उगाच नजर लागायला नको.

जेवण झाल्यावर बाबांनी मला खूण केली आणि आम्ही गाडीपर्यंत चालत गेलो. बॉनेटला टेकून ते म्हणाले, “हा माणूस शिकारीला आलेलाच नाही, बेटा.”

“म्हणजे?”

“पक्षी ओढ्यापलीकडे ओरडून राहिले होते आणि याची दुर्बीण सगळा वेळ तुमच्या झाडाकडे. मला वाटलं, तिथं काही जनावर आहे. मग त्यानं दुर्बीण माझ्या हाती दिली. पाहतो तर काय, तू आणि त्याची बायको. ती खोकली तेव्हा हा असा पुढे वाकला, की मीच त्याचं जाकीट धरलं. मग त्यानं तिच्याकडे बोट करून मला खुणेनं सांगितलं.” बाबांनी आपल्या छातीवर बोट ठेवलं. “हार्ट म्हणाला. ऑपरेशन म्हणाला. आणि तोंडावर बोट ठेवून, तिला सांगू नका, म्हणाला. तो मचाणावर बसतो तो टर्कीसाठी नाही. तिथून ती दिसते म्हणून बसतो.”

इतक्या महिन्यांनी बाबा एवढं बोलत होते. मी मध्ये बोलले तर ते थांबतील, अशी मला भीती वाटली.

“मी तीस-पस्तीस वर्षं जंगलात काढली,” बाबा म्हणाले. “मचाणावर बसून सांबरं मोजली, अस्वलं मोजली. तुझी आई क्वार्टरच्या पायरीवर उभी राहायची, जीप वळेपर्यंत. मला ठाऊक होतं ती उभी आहे. मी कधी मागं वळून पाहिलं नाही. म्हटलं, असेलच उभी, कुठं जाते.” माझ्या बाबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. आईला पोचवून आले तेव्हाही ते रडले नव्हते. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघंही त्या उन्हात, गाडीला टेकून, मनसोक्त रडून घेतलं.

जरा वेळाने त्यांनी नाक पुसलं. “उद्या मी खाली बसतो. तुझ्याजवळ.”

“आणि टोपी?”

“खिशात ठेवीन. तुझ्या आईला चालेल. तिला आधीपासूनच वाटायचं, मी लाल रंगात वेडा दिसतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे काका एकटेच वर गेले, साक्षीदार फुटला म्हणून कुरकुरत. आम्ही तिघं त्याच ओकखाली बसलो. बाबांच्या डोक्यावर काकूंची पाना-पानांच्या नक्षीची टोपी होती. मचाणावर माणूस एकटा असतो, दोघं बसले तरी आपापल्या बाजूला बघतात. इथे एकाच बुंध्याला टेकायचं म्हणजे खांद्याला खांदा लागतोच. बाबांचा श्वास मला माझ्या दंडावर जाणवत होता. लहानपणी एस.टी.त झोप लागली की मी अशीच त्यांना टेकायची. तसं टेकून बसायला मला पुन्हा मिळेल, असं कधी वाटलं नव्हतं.

काकूंनी डबी घासली आणि ठेवून दिली. बराच वेळ काही झालं नाही. मग बाबांचं बोट माझ्या मनगटावर अगदी हळूच टेकलं. मला काहीच दिसत नव्हतं. त्यांना दिसलं होतं. उताराच्या खालून एक काळं काही तरी वर येत होतं. उन्हात आल्यावर तेच तांब्याचं आणि हिरवं झालं. नर थांबला, पिसारा फुलवला, पंख जमिनीवर घासले आणि पुन्हा दोन पावलं चालला, लग्नघरात आहेर मिरवणाऱ्या मामासारखा. त्याचं डोकं निळं-पांढरं होतं आणि गळ्याखाली लाल. कालच्या टोपीचाच लाल. ते पाहिल्यावर काकूंचं म्हणणं मला मनापासून पटलं.

बार झाला तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तर पक्षी पडला होता आणि बाबा उठून त्याच्याकडे चालले होते. त्यांनी वाकून त्याच्या पिसांवरून हात फिरवला. “देखणं जनावर होतं,” ते म्हणाले. काकूंनी माझ्याकडे न बघता मान हलवली. त्यांना शब्द कळले नसतील, अर्थ कळला होता. मग त्यांनी लांबच्या पेकानकडे तोंड करून हात उंचावला. पानांतून एक हात हलला.

माझ्याच्याने राहवेना. गुपित काकांचं होतं, म्हणून मी आडवळणाने विचारलं, “काकू, पक्षी तर सगळे ओढ्यापलीकडे असतात. मग तुम्ही दर वर्षी हेच झाड का घेता?”

त्या बंदूक उघडून काडतूस काढत होत्या. “कारण त्याच्या मचाणावरून या सगळ्या रानात हे एकच झाड नीट दिसतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या ऑपरेशननंतर त्याने मचाण इकडे हलवलं. म्हणे, जुनी फांदी किडली. मी जाऊन पाहिली, चांगली ठणठणीत होती. पलीकडे बसले तर मला रोज पक्षी मिळेल, पण त्याचा जीव टांगणीला लागेल. म्हणून इथे बसते. त्याला वाटतं, मला काही माहीत नाही. वाटू दे.”

“काय म्हणतात त्या?” बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. बाबा आधी हसले, मोठ्याने, पोट धरून. आई गेल्यापासून न ऐकलेलं हसू. मग हसता हसता त्यांनी टोपी ठेवलेल्या खिशात हात घातला आणि बराच वेळ तो बाहेर काढला नाही.

त्या टर्कीचं काय झालं तेही सांगते. प्लेनोला आल्यावर बाबांनी मला स्वयंपाकघरातून घालवलं आणि सुकं खोबरं, खसखस, काळा मसाला भाजून स्वतः वऱ्हाडी रस्सा केला. पाय चिवट होते, कुकरलाही दाद देईनात. नवऱ्याने ताटावरून मान वर केली नाही. काकांच्या टकलावर घाम आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दोनदा वाढून घेतला. काकू म्हणाल्या, ही खालून मारलेली आहे म्हणून एवढी चविष्ट. पुन्हा भांडण सुरू झालं. दोघंही बाबांकडे निकालासाठी बघू लागले, तर बाबा म्हणाले, “त्यांना सांग, साक्षीदाराला इंग्रजी येत नाही.”

पाहुणे गेल्यावर बाबा कुकर घासत होते आणि मी पुसत होते. मला वाटलं, आता विचारावं, हीच वेळ आहे. माणूस हसला होता, जेवला होता, बोलत होता.

“बाबा, तिकीट कॅन्सल करू? राहा ना इथेच. मला तुम्ही डोळ्यांसमोर हवेत.”

त्यांनी नळ बंद केला. “नको, बेटा. माझं रान तिकडे आहे. तुझ्या आईचं घर तिकडे आहे. मी जाईन.”

इतके दिवस त्यांचं ‘जाईन’ ऐकलं की मला राग यायचा. या वेळी नुसती भीती वाटली. “आणि परत दार लावून बसलात तर? मला इथून काय कळणार?”

“नाही बसणार,” ते म्हणाले. “त्या बाईसारखा बसीन. तुला दिसीन अशा जागी.”

“म्हणजे कुठे?”

बाबांनी हात पुसले. आमच्या नागपूरच्या घरी फोन नव्हता. होता तो खालच्या काकूंकडे. “दर रविवारी सकाळी चहा घेऊन खाली जाईन आणि त्यांच्या फोनजवळ बसीन. तुला वेळ झाला तर कर, नाही तर नको करू. मी बसलेला असीन.”

तिकीट मी कॅन्सल केलं नाही. जूनमध्ये मीच त्यांना एअरपोर्टवर सोडलं, आणि आत जाताना ते थांबले, वळले आणि हात हलवला. घरी येऊन मी ती रिकामी खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली.

नागपुरात रविवार उजाडला तेव्हा इकडे शनिवारची संध्याकाळ होती. नंबर फिरवताना माझी बोटं दोनदा चुकली. लाइन लागली, खरखर झाली. खालच्या काकू उचलतील, मग त्यांना वर पाठवावं लागेल, मग ते दार उघडणार नाहीत, असं सगळं मी मनातल्या मनात उगाळून ठेवलं होतं. पण पहिली घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

“बोल,” बाबा म्हणाले. “बसलोय.”